परळच्या पायरीवरचं गाऱ्हाणं

माहीमहून दादरकडे येताना माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला आणि पावलागणिक फटाफट वाजायला लागला. डहाणूच्या माझ्या घरापासून किनाऱ्याने एकटी चालत आले होते. वाळू, खडक, खाडीचा चिखल, सगळं त्या बुटांनी निमूट सोसलं आणि मुंबईत, माझ्या जन्मगावात, येऊन मान टाकली. जायचं होतं थेट वेंगुर्ल्याच्या पुढे आरवलीला, आमच्या वेतोबाच्या दारी. खरी वाट तर अजून पुढेच होती आणि घोटा ठणकत होता. हे आपल्याच्याने होणार का, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मी शाळेत कवायत शिकवणारी बाई. माझ्या शिट्टीला अख्खं मैदान घाबरायचं. रिटायर होता होता स्कूटरवरून पडले आणि हा घोटा मोडला. आत पट्टी बसली, स्क्रू बसले आणि मीही घरात बसले. हाड जुळलं, डॉक्टरांनी खुशाल चाला म्हणून सांगितलं, तरी घरातले ‘तू नको उठू’ म्हणून चहा हातात आणून द्यायचे. त्या चहाचा मला असा संताप यायचा! एका दुपारी पडल्या पडल्या वेतोबाला म्हटलं, मला उठव, मी तुझ्याकडे चालत येते. आमचा वेतोबा रात्री गावाच्या राखणीला फिरतो. फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. चालणाऱ्या देवाला चालणारीचं दुःख कळेल, एवढीच माझी समजूत. ही वाट अर्ध्यात सोडली असती तर मी पुन्हा त्या पलंगावर, पुन्हा पेशंट. मला त्याचीच भीती होती.

रात्रीला लालबागला दादाकडे उतरले. आईवडील गेले तरी दादाने घरातली मालवणी सोडलेली नाही. माझा सुजलेला पाय बघून तो म्हणाला, “गो, वेतोबा फिरता म्हणान तूय फिरतलंस काय? पुरे झाला आता. घराक जा.” मी म्हटलं, “उद्या शिधा भरते आणि परवा निघते. तू वाद घालू नकोस.”

दुसरा दिवस रविवार होता. दादरला जाऊन पोहे, चिक्की, खजूर, मिठासाखरेची पाकिटं, क्रेप बँडेज, सगळं भरून घेतलं. मग बुटांचं दुकान. दुकानदार म्हणाला, “मॅडम, एक नंबर मोठा बघा.” मी त्याला झाडलाच. आयुष्यभर सहा नंबर घालत आले आणि हा मला शिकवणार! सहा नंबरचे कोरे बूट तिथेच पायात चढवले, जुने टाकून दिले आणि पिशव्या घेऊन ताठ मानेने लालबागकडे चालत निघाले. परळपर्यंत ती मान ताठ राहिली. मग अंगठे आत असे चेपले की डोळ्यांसमोर काजवे चमकले. एका चाळीच्या तोंडाशी बंद दुकानाची पायरी दिसली, तिथे बसून बूट काढले. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं आणि मोज्याला रक्त लागलं होतं. घरी जावं झालं, असं मनात आलं, आणि ते मनात आल्याचंच मला रडू फुटलं.

आमच्या मालवणी गाऱ्हाण्याची एक रीत आहे. एकाने देवाला मागायचं आणि भोवती जमलेल्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. मागणारा कितीही मोठा असो, होकार इतरांचा लागतो. मी तर एकटी चालत होते. रोज सकाळी निघताना मीच गाऱ्हाणं घालायची आणि मीच घोगरा आवाज काढून “व्हय म्हाराजा” म्हणायची. माझं मलाच हसू यायचं. त्या दिवशी विसाव्याचा दिवस म्हणून सकाळचं गाऱ्हाणं राहूनच गेलं होतं. ते तिथे पायरीवर, रागारागात, मोठ्याने सुरू केलं. “बा वेतोबा म्हाराजा, तुझ्या दाराक मी चलत येतंय. वाटेत जी काय इडापिडा आसात ती दूर कर आणि माझ्या पायांका बळ दी रे म्हाराजा…” पुढचं म्हणायला तोंड उघडलं, पण हुंदकाच बाहेर पडला. माझा होकार मलाच देता येईना.

“व्हय म्हाराजा!”

मागून खणखणीत आवाज आला. वळून पाहिलं तर चाळीशीची एक बाई उभी होती. पाठीवर सॅक, कुठल्यातरी गडावरून उतरून आलेली, बुटांवर लाल माती. मी बघतच राहिले तशी ती हसली.

“घाबरू नका ताई. आम्ही बौद्ध, मी देवाबिवाकडे काही मागत नाही. पण आमच्या या चाळीत निम्मं मालवण भरलंय. लहानपणापासून गणपतीत हेच ऐकत आले. कुणी म्हाराजा म्हटलं की तोंडातून निघतंच. आणि गाऱ्हाणं असं अर्धवट टाकू नये हो.” मग तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. “लहान झालेत की हे.”

“मी सहाच घालते.”

“तुम्ही म्हणता सहा. पाय काय म्हणतायत?”

मला रडता रडता हसू आलं. आरवलीपर्यंत जायचंय, म्हटल्यावर तिने शेजारी बसून आपले बूट सोडले आणि माझ्यापुढे ठेवले. “सात नंबर आहेत. मळलेत, पण चांगले रुळलेत. तुमचे माझ्या लेकीला होतील, ती कधीची नव्या बुटांसाठी मागे लागलीय. मी काय, इथेच वर राहते.” मी पाय घातला. बोटं मोकळी झाली, घोट्याला आधार मिळाला. इतका सुखाचा स्पर्श मला आठवत नाही. मी सावरेपर्यंत ती माझे कोरे बूट हातात घेऊन अनवाणीच चाळीचा जिना चढूनही गेली. नाव विचारायचं राहिलंच.

दादाने माझ्या पायांकडे पाहिलं. “गो, नवे बूट आणूक गेल्लंस मा?” मी सगळं सांगितलं. सकाळी तो माझी सॅक उचलून भाऊच्या धक्क्यापर्यंत आला. पलीकडच्या किनाऱ्याला नेणारी लाँच सुटायच्या आधी मी गाऱ्हाणं घातलं आणि थांबले. घोगरा आवाज काढला नाही. दादा पाण्याकडे बघत पुटपुटला, “व्हय म्हाराजा.”

पुढच्या साऱ्या वाटेवर मी तसंच केलं. मागायचं, हात जोडायचे आणि चालू लागायचं. होकार देणं माझ्याकडे नाही, हे मला, शिट्टीवर मैदान हलवणाऱ्या बाईला, फार उशिरा उमगलं. ते उमगल्यावर पाठीवरची सॅकसुद्धा हलकी वाटायची. त्या पायरीवर काय घडलं, ते मी कुणाला पटवायला जात नाही. मी चालत पोचले, मला तेवढं पुरे.

आरवलीला देवाला चपला वाहिल्या. गाऱ्हाणं घालणाऱ्या काकांनी विचारलं, “कोणाच्या नावान घालू?” म्हटलं, “नाव ठाऊक नाही हो. परळची आहे, सात नंबरच्या बुटांची.” ते हसले नाहीत. त्यांनी तस्संच, मोठ्याने देवाला सांगितलं, परळच्या त्या सात नंबरच्या माउलीच्या पायांका सांभाळ रे म्हाराजा. माझ्या गाऱ्हाण्याला उत्तर देणं मी सोडलं होतं, पण हे तिचं होतं. देवळातल्या सगळ्यांबरोबर मीही म्हटलं, “व्हय म्हाराजा!” आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.