सोबत जोडलेला फोटो

फोटोसकट ईमेल पाठवणारं अॅप मी बनवलं, आणि ते पहिल्यांदा वापरलं माझ्या थोरल्या बहिणीनं. आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. बाईचं गाव आरमोरीच्या पुढं, जंगलाला अगदी खेटून. मी चंद्रपूरला भाड्याच्या खोलीत राहतो आणि एका लहानशा कंपनीत मोबाईलचे प्रोग्रॅम लिहितो. कंपनीला मिळालेलं काम असं होतं: वाघानं जनावर मारलं की गावकऱ्यानं फोनवर फोटो काढायचा, बटण दाबायचं, आणि फोटो जोडलेला मेल थेट जंगलाच्या ऑफिसात पोचायचा. ऑफिसचे खेटे घालायला नकोत. ऐकायला किती सोपं. असं सोपं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्यालाच विचारा.

बाईला या अॅपची घाई होती, कारण त्यांच्या बोडीच्या वाटेवर वाघ येऊन बसला होता. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. तिच्या खाली त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि तिकडं जायला एकच वाट, तीही झुडपांतून. भाऊजी रोज सकाळी त्याच वाटेनं पाणी बघायला जायचे. गावानं तोंडी सांगून पाहिलं होतं. ऑफिसचं म्हणणं एकच, पुरावा द्या. पुरावा मिळाला की कॅमेरे लावू, माणसं फिरवू, गरज पडली तर पिंजराही लावू. पुरावा म्हणजे मारलेल्या जनावराचा फोटो, तोही मेलनं. म्हणून बाई फोन करकरून माझ्या मागं लागली होती.

"बाबू, तुहं ते लवकर कर बाप्पा. हे माह्यं आयकत नाई. रोज जाते तिकडं."

मेलला फोटो जोडायचा, त्यात काय एवढं, असं आमच्या मालकालाही वाटायचं. पण फोननं काढलेला फोटो इतका मोठा, की ऑफिसचा मेल तो घ्यायलाच तयार नाही. म्हणून आधी तो लहान करायचा. लहान करताना इतकाही लहान नाही करायचा की म्हैस आणि शेळी सारखीच दिसेल. गावात टॉवर नाही, म्हणून बटण दाबल्यावर मेल फोनमध्येच थांबला पाहिजे आणि रेंज आली की आपणहून निघाला पाहिजे. कधी मेल जायचा आणि फोटो मागंच राहायचा, वऱ्हाड पुढं अन् नवरदेव घरी. कधी एकच फोटो ऑफिसात जाऊन पुन्हा पुन्हा पडायचा. डोकं भणभणायचं. मालक मागून विचारायचा, झालं का. मी म्हणायचो, होतंय. मनात जे म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटी जमलं. वरती जनावर निवडायची सोय केली: बैल, गाय, म्हैस, शेळी, इतर. त्यातलं एक दाबलं की मेलचं शीर्षक आपोआप तयार व्हायचं. 'इतर' मी सवयीनं टाकलं. असं काही निवडायला दिलं की शेवटी 'इतर' असतंच. आणि सगळं नीट जातंय की नाही ते कळावं म्हणून प्रत्येक मेलची आणि त्याच्या उत्तराची एक प्रत माझ्याकडं यायची व्यवस्था ठेवली.

अॅप घेऊन मी आधी बाईकडंच गेलो. तिच्या फोनमध्ये टाकून दिलं आणि म्हटलं, कशाचाही एक फोटो काढून पाठवून दाखव. ती उठली. अंगण झाडलं, कोंबड्या हाकलल्या, आत जाऊन लुगडं बदलून आली, केसांवरून पाण्याचा हात फिरवला, आणि मग दाराच्या चौकटीचा फोटो काढला. मी म्हटलं, बाई, फोटो चौकटीचा आहे, लुगडं तू काऊन बदललं?

"साहेब पाह्यन न तो फोटो," ती म्हणाली. "असंच पसरलेलं घर पाठवू काय त्याले?"

भाऊजी खाटेवर बसून तंबाखू मळत होते. शांत माणूस, पण बोलायला लागला की चिमटा काढल्याशिवाय राहायचा नाही. "काऊन बाबू," ते म्हणाले, "तुह्या मोबाईलले पाहून वाघ पळते काय?" मी म्हटलं, वाघ नाही पळणार, पण ऑफिस येईल. "मंग वाघच बरा," ते म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि ऐकू आलं की जीव नकोसा होतो.

मग मेल पाठवायला आम्ही बोडीवर गेलो, कारण त्या गावात टॉवर मिळतो तो फक्त बोडीच्या पाळीवर, म्हणजे तिच्या उंच बांधावर. म्हणजे वाघाची तक्रार करायची तर वाघाच्याच वाटेनं जायचं. भाऊजी पुढं रिकामा डबा वाजवत चालले, मागं बाई, मध्ये मी. पाळीवर चढल्याबरोबर फोन टिंग वाजला आणि चौकटीचा फोटो निघून गेला. काय सांगू, शाळेत पहिला आल्यासारखं वाटलं मला.

रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाची लावणी चालू असताना, वाघानं त्यांचा बैल मारला. बोडीच्या खालीच. मी चंद्रपूरला कंपनीत होतो आणि मेलची प्रत माझ्याकडं आली. शीर्षक बरोबर, फोटो जोडलेला, ऑफिसकडून आपोआप येणारी पोचही आलेली. बैल मेला आणि मी खूश. बाई अजून पाळीवरच असणार म्हणून लगेच फोन लावला. ती रडत होती. रडतारडता तिनं एवढंच विचारलं, "आता येतीन न ते?"

"येतील," मी म्हटलं. "फोटोसकट गेलंय, बाई. आता कसे नाही येत."

ऑफिसचं उत्तर आलं. 'आपण सोबत जोडलेल्या छायाचित्रात मृत बैलाच्या अंगावर कोणतीही जखम दिसून येत नाही. सबब वन्यप्राण्याचा हल्ला सिद्ध होत नसल्याने पुढील कार्यवाही करता येत नाही.'

तेव्हा मी फोटो उघडून पाहिला. बैल झोपल्यासारखा पडलेला. कपाळावर हळदकुंकू. शिंगांत जास्वंदीची फुलं. डोळे मिटवलेले, मान धुऊन काढलेली, आणि मानेपासून शेपटीपर्यंत बाईचं नवं लुगडं पांघरलेलं. लुगड्याच्या घड्या दिसत होत्या, काठ दिसत होता. फोटो इतका साफ, की कुंकवाचा कण न् कण मोजून घ्यावा. माझा प्रोग्रॅम अगदी नीट चालला होता.

पाळीवरून बाईचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर खेकसलो. "काऊन धुतलं, बाई?"

"मंग तसाच ठेवू? पोळ्याले पुजलं त्याले आमी. घरचा होता. रगतानं भरलेला तसाच जाऊ देऊ?"

"अन् लुगडं काऊन टाकलं?"

"उघडा दिसत होता न. फाटला होता पुरा. साहेबाले असं दाखवू?"

मला राग आवरेना. तिचा नव्हताच तो राग, पण ऐकायला तीच होती. "ऑफिसले त्याचं तोंड नाई पायजे, घाव पायजे," मी म्हटलं. "पुढच्या खेपेले काईच धुवायचं नाई, पुसायचं नाई, झाकायचं नाई. घाव दिसला पायजे. पयले फोटो, मग तुले जे करायचं ते कर. समजलं काय?"

"पुढच्या खेपेले?" ती म्हणाली. मग म्हणाली, "हाव. समजलं."

तोवर बैल पुरून झाला होता. दुसरा फोटो कुठून आणणार. मी माझ्याकडच्या बाकी प्रती उघडायला बसलो. जिवतीच्या डोंगरातली एक शेळी, गळ्यात हार घातलेली. एक गाय, अंगावर चादर, तोंडाशी भाताचा घास ठेवलेला. एक वासरू तर कुणीतरी मांडीवर घेऊन बसलं होतं. घरचं माणूस गेल्यावर जे करतात तेच सगळ्यांनी केलं होतं, आणि सगळ्यांना तेच उत्तर गेलं होतं, एका अक्षराचा फरक नाही.

मी स्वतः ऑफिसात गेलो. साहेब भला माणूस होता, याचाच जास्त त्रास झाला. त्यानं बसायला सांगितलं, चहा दिला. म्हणाला, तुमचं अॅप फार छान आहे, फोटो एकदम स्पष्ट येतात. मी म्हटलं, साहेब, तो बैल वाघानंच मारला, माझी बहीण तिथं राहते, एकदा जाऊन बघा. तो म्हणाला, माणसं किती कमी आहेत तुम्ही बघताच आहात, आम्हाला समोर दिसतं त्यावरच चालावं लागतं. मी चहा प्यालो आणि परत आलो. भांडायला गेलो होतो आणि चहा पिऊन आलो, अशी माझी गत.

मग माझ्या हातात होतं ते मी केलं. फोटोच्या बटणाच्या वर लाल अक्षरांत एक ओळ टाकली: 'जखम पुसू नका. झाकू नका. आधी फोटो काढा.' गावागावांतून जखमांचे फोटो यायला लागले. ऑफिस खूश, मालक खूश. मालकानं पेढे आणले. मीही एक खाल्ला.

बाईच्या वाटेवर मात्र कुणी फिरकलं नाही. तिनं चिखलात उमटलेल्या पंजावर घमेलं पालथं घालून तो पावसापासून राखला, मग घमेलं उचलून फोटो काढला, पाळीवर जाऊन पाठवला. उत्तर आलं, खुणा जुन्या असू शकतात. सरकारी काम, सहा महिने थांब, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण वाघाला ते कुणी सांगितलेलं नसतं. मी भाऊजींना म्हटलं, काही दिवस माझ्याकडं येऊन राहा. ते म्हणाले, "मी येतो चंद्रपूरले, अन् पानी पाहाले तुहा मोबाईल जाईन काय बांधीत?" मी बाईला एवढंच म्हणत राहिलो, पुढच्या खेपेला नीट पाठव. पुढच्या खेपेला, पुढच्या खेपेला. दुसरं काही द्यायला माझ्याजवळ नव्हतंच.

धान पोटरीत आलं होतं. सकाळी मी कंपनीत येऊन नुकता बसलो होतो. बाईच्या फोनवरून आलेल्या मेलची प्रत समोर पडली. शीर्षक: 'वाघाचा हल्ला - इतर'.

मला वाटलं, कुत्रं असेल. त्यांच्या घरी एक तांबडं कुत्रं होतं, भाऊजींच्या मागंमागं शेतात जायचं. वाईट वाटलं. मग फोटो उघडला.

आधी शर्ट ओळखला. चौकडीचा, दिवाळीला मीच नेऊन दिलेला. फोटोत काहीच पुसलेलं नव्हतं, काहीच झाकलेलं नव्हतं. जवळ जाऊन, हात न हलवता काढलेला होता. यापुढं मी त्याबद्दल सांगणार नाही.

त्याच दिवशी दुपारी ऑफिसची माणसं गावात पोचली. जीप आल्या, कॅमेरे लागले, पिंजरा आला. बाई इतके दिवस जे जे मागत होती ते सगळं एका दिवसात आलं. साहेब स्वतः आला आणि बाईसमोर हात जोडून उभा राहिला. ते सगळं नंतरचं. मी फोटोसमोर बसलो होतो तेव्हा माझा फोन वाजला. बाईच होती. पाळीवरूनच बोलत होती, दुसरीकडं टॉवर नाहीच, आणि भाऊजीही तिथंच पाळीखाली पडलेले.

मागं बायांचं रडणं ऐकू येत होतं. कुणीतरी म्हणत होतं, अवं बाई, पानी आनलं, तोंड तरी पुसू दे, लुगडं तरी टाकू दे अंगावर. आणि बाई त्यांना सांगत होती, रडून घोगऱ्या झालेल्या पण ठाम आवाजात, "थांबा. कोनी हात लावू नोका. माह्या भावानं सांगतलं हाय." मग ती माझ्याशी बोलली.

"बाबू, गेला काय फोटो?"

मी म्हटलं, "हाव."

"घाव दिसून राह्यला न नीट?"

"हाव, बाई. दिसून राह्यला."

मग लहानपणी आईला विचारायची तसं, हळूच, परवानगी मागितल्यासारखं तिनं मला विचारलं, "मंग आता झाकू काय त्यायले?"