अख्खी तीट

माझी धाकटी बहीण गोरी आणि मी काळी. एकाच परातीतल्या भाकऱ्या खाऊन असं कसं झालं, हे नाशिकच्या आमच्या चाळीत येणारा प्रत्येक पाहुणा आईला विचारायचा. दृष्ट लागू नये म्हणून आई धाकटीच्या गालावर रोज काजळाची तीट लावायची. एकदा मीही गाल पुढे केला. "तुला कशाला? तूच अख्खी तीट!" आई म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसले, पण धाकटीचा गाल बोचकारावासा वाटला.

मला पळता मात्र यायचं. पहाटे गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठाने पळायचे आणि शाळेत मला कोणी गाठू शकायचं नाही. शर्यतीला आम्ही दोघी सारखीच हाफपँट घालायचो. धाकटी शेवटून पहिली यायची, तरी लोक म्हणायचे, "किती नाजूक पळते!" मी पहिली आले की माझ्या मांड्यांकडे बघून कुजबुजायचे. घरी आल्यावर आई मीठ-मोहऱ्या ओवाळायची त्या धाकटीवरून. नंबर माझा आणि दृष्ट तिची! माझ्या अंगाची लाही व्हायची.

चाळीत पहिला टीव्ही शेजारच्या काकांकडे आला तेव्हा मी नववीत होते. एका संध्याकाळी परदेशातली बायकांची शर्यत दाखवत होते. माझ्याहून काळी, उंच, भरदार मांड्यांची एक बाई सगळ्यांना मागे टाकून गेली आणि तिने दोन्ही हात वर केले. मी बसल्या जागी अर्धी उठले होते.

"अगं बया, ही बाई हाय का बाप्या?" त्यांच्या घरातल्या, मूळच्या विंचूरच्या काकू म्हणाल्या. खोलीभर हशा पिकला.

"आपल्या थोरलीची सख्खी बहीण शोभते!" काकांनी भर घातली. सगळे माझ्याकडे वळले. मी स्कर्ट गुडघ्यांवर ओढून घेतला. तिसरी आलेली गोरी धावपटू दिसली तेव्हा काकू म्हणाल्या, "ही बघा, बाईसारखी बाई."

आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने जुन्या साडीची सलवार शिवली. "जिल्ह्याच्या शर्यतीला हीच घालायची. उद्या स्थळं बघायचीत तुला. नाहीतर पळणं बंद."

सलवार पायांत घोळत राहिली. मी तिसरी आले. कोणी कुजबुजलं नाही. "आज कशी पोरीसारखी पळाली!" काकू कौतुकाने म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आईने मला पाटावर बसवलं आणि पहिल्यांदा माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. चुलीत मोहऱ्या तडतडल्या. धाकटी दारात उभी राहून बघत होती. इतकी वर्षं हेच हवं होतं मला, पण तिच्याकडे बघायचंही सुचलं नाही. त्या टीव्हीतल्या बाईलाही तिच्या देशात बाप्या म्हणणारे असतील, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मी नुसती त्या बाईवर जळत होते. तिच्या आईने तिला सलवार शिवली नव्हती.