रेषेवरचा सातवा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. पंचगिरी का सोडली असं कुणी विचारलं, की गुडघ्यांवर ढकलायचो. गुडघे ठणठणीत आहेत.

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत मी आणि माझा मित्र, दोघं पुण्याचे, शेजारी. अमेरिकन फुटबॉलच्या हौशी सामन्यांना पंच मिळेनात, म्हणून एकदमच नियम शिकलो. पाठांतर माझं पक्कं, तो गडबडायचा. तरी मुख्य पंचाची पांढरी टोपी त्याला मिळाली आणि मला काळी. खेळाडू त्याच्याशी हसून बोलायचे, ते मला बघवत नसे. बायको म्हणायची, "अहो, टोपीच आहे, पगडी नव्हे!"

अंतिम सामन्याच्या मध्यंतरात कळलं, ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेला पंच म्हणून त्याला पाठवणार.

चेंडू खेळात येताना चढाई करणाऱ्यांचे निदान सात जण रेषेवर लागतात. सहाच असले तर रचना बेकायदा. मोजायचं मी. कडेचा खेळाडू आधी माझ्याकडे बघतो, बरोबर उभा असला तर मी अंगठा दाखवतो, अशी आमच्याकडची रीत. शेवटच्या मिनिटाला त्याने बघितलं, मी अंगठा दाखवला. सात होते. तरीही चेंडू हलताच मी नियमभंगाचं पिवळं फडकं टाकलं. त्याच चालीत त्यांनी विजयाचे गुण केले होते.

तो खेळाडू ओरडत मुख्य पंचाकडे धावला. माझा मित्र माझ्यापाशी आला.

"अरे, हा म्हणतोय तू अंगठा दाखवलास."

"नाही दाखवला."

"मग झालं." त्याने गुण रद्द केले.

पुढे व्हिडिओत सात जण स्वच्छ दिसले. समितीपुढे तो एवढंच म्हणाला, "निर्णय माझा होता." ऑस्ट्रेलियाला दुसराच गेला. पांढरी टोपी माझ्याकडे आली. एक मोसम कशीबशी घातली.

तो मुलीकडे टौरंगाला राहायला गेला. गेल्या उन्हाळ्यात सात तास गाडी चालवून मी तिथे पोचलो, हेच बोलायला. त्याने नातीला हाक मारली. "ये, बघ, हे आजोबा. यांनी सांगितलं की मी पुन्हा मोजायचोसुद्धा नाही!"

"कूल," ती फोनमधून मान न काढता म्हणाली.

मी चहा प्यायलो, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि निघालो. वाटेत शंभरदा घोकलेलं वाक्य तोंडातच राहिलं: अरे, सात होते, मला दिसले होते, तुझ्यावर जळत होतो म्हणून खोटं बोललो, मला माफ कर.