लोणीमामा आणि साहेबांची दाढी

लोणीमामांचं खरं नाव गल्लीत बहुधा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा वस्तरा असा फिरायचा की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. कुणीतरी म्हणालं, हात आहे की लोणी, आणि तेच नाव चिकटलं. बाजाराच्या टोकाला त्यांचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं. वडील तरुणपणी पोटासाठी नदीपलीकडून इकडे आले. मामा मात्र इथेच जन्मले, इथेच म्हातारे झाले. पलीकडची भाषा त्यांना शिव्यांपुरतीच येत होती.

पोस्टमन हा त्यांचा जुना दोस्त. दिवसाआड सकाळी दाढीला यायचा आणि पत्रं वाटण्याआधी सगळ्या बातम्या दुकानातच वाटून टाकायचा. त्या सोमवारीही तो खुर्चीत होता. टीव्हीवर साहेबांचं आदल्या दिवशीचं भाषण लागलं होतं. साहेब म्हणजे याच गल्लीत वाढलेले, मिसरूड फुटल्यापासून मामांच्या हाताखाली बसलेले, आता बडे पुढारी. मामा कौतुकाने एक कान तिकडे ठेवून पोस्टमनच्या हनुवटीखाली वस्तरा चालवत होते.

"नदीपलीकडून आलेली ही माणसं गोड बोलतात आणि केसाने गळा कापतात," साहेब म्हणाले. "आपली मान कुणाच्या हातात देतो, ते आता तरी बघा!"

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. बाकावर थांबलेले दोघं हसले. सवयीने मामाही हसले.

तेवढ्यात वस्तऱ्याखाली पोस्टमनचा कंठमणी वर सरकला आणि तिथेच थांबला. मामांनी आरशात पाहिलं. पोस्टमनने खुर्चीचे हात गच्च धरले होते. तो श्वासही घेत नव्हता.

"राहू दे," तो म्हणाला. "उशीर झालाय."

एका गालावर फेस तसाच घेऊन, तो रुमालाने पुसत, पोस्टमन पायऱ्या उतरून गेला. बाकावरच्यांपैकी एकाला अचानक काम आठवलं. दुसऱ्याला तेवढंही सुचलं नाही, तो नुसताच उठला. उघडा वस्तरा धरून मामा उभे राहिले. हयात गेली या धंद्यात, पण आपल्या हातात पातं असतं हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

पंधरा दिवसांत दुकान ओस पडलं. शेजारचा शिंपी समोर आला की उगाच आपलं कुलूप तपासू लागायचा. एका सकाळी दारावर रंगाने लिहिलेलं होतं : मान सांभाळा. मामांनी रॉकेल लावून घासलं. अक्षरं पुसट झाली, गेली नाहीत. लोक विसरतील, अशी बायको समजूत घालायची. पण तिनेच लेकीला फोन करून सांगितलं, सध्या माहेरी येऊ नकोस.

आणि मग साहेबांच्या बंगल्यावरून बोलावणं आलं. मामांना वाटलं, चूक कळली असेल, बिचारा माफी मागणार असेल. निरोप फक्त एवढाच होता की मागच्या दाराने या. गेल्यावर उलगडा झाला. साहेबांच्या जबड्याखाली चामखीळ होती. नव्या न्हाव्याने परवाच ती कापून रक्त काढलं होतं, आणि आज टीव्हीवर मुलाखत होती. साहेबांनी हसून "या मामा" म्हटलं, खुर्चीत रेलले, मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मामांनी फेस लावला, वस्तरा गळ्याला टेकवला. साहेबांचा श्वास संथ चालला होता. दोन मिनिटांत ते चक्क पेंगायला लागले.

मामांनी वस्तरा उचलून घेतला. भाषण ऐकून घाबरलेला पोस्टमन त्यांना कळला होता. पण ज्याने भाषण ठोकलं, तो तर बिनघोर झोपला होता. त्याचा स्वतःच्या एकाही शब्दावर विश्वास नव्हता.

दाढी उरकल्यावर मामांनी विचारलं, "साहेब, तुम्हाला माझी भीती नाही वाटत?"

"तुमची?" साहेबांनी गालावरून हात फिरवला. "अहो, तुमच्यासारखा हात सबंध शहरात नाही. ते मैदानातलं मनावर घेऊ नका. बोलावं लागतं."

"मग एवढंच एकदा मैदानात सांगा."

"हे ऐकायला कोण येणार, मामा?" साहेब म्हणाले. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

मामा तिथून तडक पोस्टमनच्या घरी गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं. पोस्टमनने दारातच ऐकून घेतलं. त्याच्या हनुवटीवर स्वतः केलेल्या दाढीचे दोन ताजे काप होते.

"साहेबांची दाढी तू केलीस?" तो हळूच म्हणाला. "निदान पटेल असं तरी खोटं बोल. तुम्ही लोक असेच, ते म्हणाले ते काही उगाच नाही."

तुम्ही लोक. चाळीस वर्षांत तो असं कधी म्हणाला नव्हता.

महिन्याभरात दुकान बंद झालं. आता मामा सरकारी इस्पितळात ऑपरेशनआधी रुग्णांचे केस काढतात. हात अजून तसाच आहे. फक्त वस्तरा उघडण्याआधी ते समोर उभे राहतात, आपलं नाव सांगतात, वडील कुठून आले तेही सांगतात आणि विचारतात, चालेल ना? बहुतेक जण हो म्हणतात. काल एका आजोबांनी काही न ऐकताच डोळे मिटून घेतले. मामांनी त्यांना हलवून जागं केलं आणि पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं.