हळदीकुंकवाची सही

माझं नाव माईकवर वाचलं आणि मला वाटलं दुसरीच कोणी असेल. मग नवऱ्याचं नाव वाचलं, आडनाव वाचलं, खोली नंबर वाचला. माझीच खोली. "संमती प्राप्त." पोरगी कडेवर होती. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. बिबवेवाडीतली आमची वस्ती पाडून बिल्डिंग करायची, त्याच्यावर रहिवाशांची मतं घ्यायची, असा कागद चौकात लावला होता. बिल्डिंग होईपर्यंत आम्ही वारजेच्याही पुढं पत्र्याच्या खोल्यांत जायचं. किती वर्षं? ते कोणी लिहून देईना. नवरा मार्केट यार्डात हमाल, पहाटे माल उतरवायचा, तिकडून कसा येणार? माझी धुण्याभांड्याची तीन कामं, सगळी इथली. मी 'नाही' सांगायला आले होते. आणि माझं नाव 'हो'वाल्यांत.

पुढच्या खुर्च्यांवर समोरच्या सोसायटीतली माणसं. त्यांचीपण मतं घेत होते. एक आजोबा उठले, आवाज अगदी शांत. "आम्ही मिळकतकर भरतो. कचरा यांचा, रस्त्यात रिक्षा यांच्या, पाणी यांना फुकट. मत कर भरणाऱ्याचं घ्या. फुकट राहणाऱ्याला कसलं मत?"

टाळ्या पडल्या. घरपट्टी आम्हीपण भरतो, सासूच्या वेळेपासूनच्या पावत्या आहेत घरात. तोंडापर्यंत आलं.

तेवढ्यात सभा घेणाऱ्या साहेबानं कागद माझ्यापुढं धरला. "ताई, सही तुमचीच ना?"

माझीच. सातवी शिकलेली वाकडी सही.

मग आठवलं. संक्रांतीचं हळदीकुंकू.

मी भांडी घासते त्या मॅडमनी सोसायटीच्या हॉलमध्ये केलं होतं, खास आमच्या वस्तीतल्या बायकांसाठी. त्यांच्या घरी माझा चहाचा कप वेगळा, बाल्कनीत, पोछ्याच्या बादलीजवळ. त्या दिवशी मला खुर्ची दिली. स्वतःच्या हातानं कुंकू लावलं, ओटी भरली, स्टीलचा डबा दिला. आणि दाराशी वही. "कोण कोण आलं त्याची नोंद गं. इथं सही कर, खाली अजून एक." खाली वेगळा कागद होता. मी वाचलाच नाही असं नाही. 'संमती' एवढा शब्द मला दिसला. खोटं कशाला सांगू. पण मागं बायकांची रांग, कपाळावर ओलं कुंकू, आज कुठं आपल्याला माणसात धरलंय आणि आपण काय विचारायचं, हे काय आहे म्हणून? केली सही. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी कसंबसं म्हणाले, "मॅडम, ती हळदीकुंकवाची सही होती ना?"

त्या वळल्या. "वाण घ्यायला हात बरोब्बर पुढे आला होता. वाचायला डोळे नव्हते का?"

हॉल हसला. आमच्यातल्या दोघीपण हसल्या, भीतीनं. पोरगी रडायची थांबून माझ्या तोंडाकडं बघत होती.

शेजारी कांतामावशी बसली होती. आमच्या घराला लागूनच तिचं घर. नवरा वारलाय, म्हणून तिला हळदीकुंकवाला बोलावणंच नव्हतं. ती माझ्या कानाशी आली. "मला रांडमुंड म्हणून बोलावलं नाही, तर माझी सही नाही, माझं घर शाबूत हाय. तुला सवाशीण म्हणून बोलावलं अन् घर काढून घेतलं. ऊठ की गं. बसलीस काय?"

तेव्हा कळलं. कुंकू माझ्या कपाळाला नव्हतं लावलं. माझ्या खोलीला लावलं होतं.

पोरगी मावशीकडं दिली. उठले. माईक हातात घेतला.

"सही माझी आहे. संमती नाही. हळदीकुंकू सांगून घेतली. आणि पट्टी आम्हीपण भरतो, पावत्या आणून दाखवते."

साहेब म्हणाला, "बाई, असं तोंडी चालत नसतं."

"मग कागद द्या."

दिला. सगळ्यांसमोर लिहिलं. शुद्धलेखन चुकलं असेल. 'माझी संमती नाही. फसवून घेतली.' मावशी मागून ओरडली, "शिक्का मारून घे, शिक्का!" मारून घेतला.

बाहेर पडताना मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस. बाकीच्यांनाही मी कळवते." दोन दिवसांत तिन्ही कामं सुटली. नवरा भिंतीकडं तोंड करून बसला होता. मग एवढंच म्हणाला, "सही केलीस तवा मला का नाही सांगितलं?"

काल दुपारी दोन माणसं आली. कोण, कुठली, माहीत नाही. दाराचा फोटो काढला. "दिवसभर एकटीच असतेस का?" विचारून गेली. तेव्हापासून पावलं वाजली की पोरीला ओढून जवळ घेते.

पण उद्या मी त्या साहेबाकडं परत जाणार आहे. आमच्यातल्या अकरा जणींच्या सह्या घेतल्यात तशाच. चौघी 'संमती नाही' लिहून द्यायला तयार आहेत. बाकीच्यांच्या दारात जाऊन बसणार. जिला लिहिता येत नाही तिचं मी लिहिणार, दोनदा वाचून दाखवणार, मगच अंगठा. वाचून दाखवल्याशिवाय इथल्या एकाही बाईचा अंगठा आता कागदाला लागू देणार नाही.

ती माणसं परत येतील. मी दार उघडणार, उंबऱ्यात उभी राहणार, कोणी पाठवलं त्याचा कागद मागणार. भीती वाटतेय, लई वाटतेय, तरी उभी राहणार. घर सोडणार नाही.

तुम्ही असता तर काय केलं असतं?