अप्पांचे प्रश्न आणि आईचा मेन स्विच

आमच्या लातूरच्या घरात देवघराखालोखाल मान होता तो कॉम्प्युटरला. त्याच्यावर आईनं विणलेलं झाकण असायचं आणि त्याच्या पोटात अप्पांचे प्रश्न असायचे. अप्पा म्हणजे माझे वडील. भूकंपानंतर निलंग्याकडचं गाव आणि तिथली शाळा सोडून ते लातुरात आले. पुढं गल्लोगल्ली क्लासेसच्या पाट्या लागायला लागल्या, तेव्हा त्यांनीही समोरच्या खोलीत बाकडी टाकून दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवायला सुरुवात केली. दोन बोटांनी टाइप करत, मराठी फॉन्टशी रोज भांडत त्यांनी धड्याधड्यावर प्रश्न तयार केले होते. सोपे, अवघड आणि ‘खोडकर’ अशी त्यांची वर्गवारी होती. खोडकर प्रश्नांवर त्यांचा विशेष जीव.

या प्रश्नांची दुसरी प्रत जगात कुठंही नव्हती, आणि ती नव्हती याचा अप्पांना अभिमान होता. त्या काळात लातूरचे मास्तर लोक प्रश्न असे जपायचे की बायकांनी दागिने काय जपावेत. एकदा बाहेर गेले की दुसऱ्या दिवशी समोरच्या क्लासात झेरॉक्स वाटल्या जाणार, अशी अप्पांची खात्री होती. माझ्या पेन ड्राइव्हकडेसुद्धा ते चोर बघितल्यासारखं बघायचे.

मी तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगला होते. प्रोजेक्टसाठी लिनक्स लागणार होतं, आणि स्वतःचा कॉम्प्युटर असण्याचे आमचे दिवस नव्हते. सुट्टीत घरी आल्यावर मी अप्पांना समजावून सांगितलं, की तुमचं विंडोज आहे तसंच राहील, शेजारी माझं लिनक्स राहील, आणि चालू करताना ज्याला जे पाहिजे ते निवडता येईल.

“म्हणजे एका घरात दोन बिऱ्हाडं?”

“हाव.”

“भांडणार न्हाईत ना?”

“न्हाई अप्पा. पण आधी तुमच्या प्रश्नांची एक कॉपी काढून ठेवू. पेन ड्राइव्हमध्ये.”

“तो ड्राइव्ह तुझ्यासंगं नांदेडला जाणार ना? मग राहू दे. घरचं घरात बरं.”

पेन ड्राइव्ह माझ्या पिशवीतच राहिला. दुपारी भारनियमन संपून लाइट आली तशी मी सीडी घातली. नव्या बिऱ्हाडाला जागा करायची म्हणजे डिस्कमधली भिंत सरकवायची, आणि ती सरकत असताना वीज जाऊन चालत नाही. लाइट तर आत्ताच आली होती, आता संध्याकाळपर्यंत भीती नव्हती. मी निवांत बसले.

शेजारच्या प्लॉटवर पोरींचं होस्टेल होणार होतं. परगावच्या पोरी शिकायला यायच्या, त्यांना पाणी लागणार, म्हणून तिथं बोअरची गाडी आलेली. ती नेमकी तेव्हाच दगडाला लागली. जमीन थरथरली, मांडणीतले स्टीलचे डबे वाजले, आणि पाठोपाठ दाराजवळ खट्‌ असा आवाज आला. आईनं मेन स्विच खाली ओढला होता.

“बाहेर! सगळे बाहेर!”

आम्ही अनवाणी अंगणातल्या लिंबाखाली. बोअरवाले आमच्याकडं बघून हसायले, आणि आई मात्र घराच्या भिंतीकडं बघत उभी.

हे आमच्याकडं नवीन नव्हतं. भूकंपानंतर जमिनीचा जरा आवाज झाला की आई मेन बंद करायची, सगळ्यांना बाहेर काढायची आणि तिचं समाधान झालं की “चला आता” म्हणायची. मग आत. त्यावरून तिची थट्टा व्हायची, त्यात अप्पा पुढं. भूकंपाची गोष्ट ते वर्गात रंगवून सांगायचे: गणपतीचं विसर्जन करून सगळे झोपलेले, पहाटे घर हललं, आम्हाला अंगणात सोडून ते चाचणीचे पेपर आणायला पुन्हा आत शिरले, आणि छताचं मातीचं माळवद खाली बसायच्या आत गठ्ठा काखेत मारून, मातीनं पांढरेफटक होऊन बाहेर आले. “एकही पोरगं नापास झालं न्हाई, इतका मी घाबरलो होतो!” यावर पोरं हसायची. आई आतल्या खोलीत असायची. ती या गोष्टीला हसल्याचं मला आठवत नाही.

“चला आता” झालं. आत येऊन कॉम्प्युटर चालू केला, तर काळा पडदा आणि त्यावर एकच ओळ.

“काय म्हणतंय?” अप्पांनी विचारलं.

“ऑपरेटिंग सिस्टिम सापडत न्हाई म्हणतंय.”

“अन् प्रश्न?”

मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच ओळ. अप्पा जाऊन पोरांच्या बाकड्यावर बसले. त्याच आठवड्यात त्यांच्या सराव परीक्षा सुरू होणार होत्या. मोठमोठे क्लास सोडून ज्या आईबापांनी आमच्या समोरच्या खोलीत पोरं पाठवली होती, ती या प्रश्नांच्याच नावावर. ते माझ्यावर ओरडले नाहीत, आईवरही नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आईनं चहा केला, तो तसाच गार झाला.

मी शोध सुरू केला. हार्ड डिस्क दिसत होती, म्हणजे जीव होता. लिनक्सच्या सीडीवरून कॉम्प्युटर चालूही झाला. पण अप्पांचा भाग उघडायला गेले तर म्हणे हा अर्धवट अवस्थेत आहे, विंडोजमधूनच दुरुस्त करा. आणि विंडोज तर उठतच नव्हतं. शेवटी विंडोजची सीडी घालून कॉम्प्युटर चालू होताना लागणारी सुरुवातीची माहिती नव्यानं लिहिली आणि डिस्कची तपासणी लावायचं ठरवलं. ती फार वेळ चालणार होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट आल्याबरोबर लावली.

“हे चालू असताना लाइट जायला नको,” मी म्हटलं. “आता गेली तर मग माझ्या हातात काही न्हाई.”

अप्पांनी एक कागद घेतला, फळ्यावर काढायचे तशा सुरेख अक्षरांत ‘कृपया हात लावू नये’ असं लिहिलं आणि मेन स्विचवर चिकटवला. आईनं तो वाचला. “न्हाई लावत आता,” एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

तपासणी अर्ध्यावर आली होती तेवढ्यात बोअरची गाडी पुन्हा सुरू झाली. डबे वाजले. मी आणि अप्पांनी एकदम स्वयंपाकघराकडं पाहिलं. आई उठली नव्हती. भाकरी तव्यावर करपत होती, आणि ती दोन्ही हातांनी परात घट्ट धरून, डोळे मिटून बसली होती.

अप्पा उठले. मला वाटलं, तिच्याकडं चाललेत. पण ते सरळ दाराकडं गेले.

“अप्पा, थांबा! अप्पा!”

त्यांनी स्वतःच लावलेल्या कागदासकट मेन खाली ओढला. गॅस बंद केला, आईचा पिठाचा हात धरला आणि म्हणाले, “चल, बाहेर.”

लिंबाखाली आम्ही तिघं. बोअरवाल्यांच्या देखत अप्पांनी तिचा हात सोडला नाही. मी आयुष्यात पहिल्यांदाच तसं बघत होते. प्रश्न गेले म्हणून मला रडू येत होतं, का ते बघून, मला आजही सांगता येत नाही.

“पाटी तुम्हीच लावली की,” आई म्हणाली. “गेलं ना आता सगळं?”

“गेलं तर गेलं. पुन्हा लिहीन. तू उठली का न्हाईस?”

आई म्हणाली, “मी मेन कशाला बंद करते, तुम्हाला वाटतं? करंट लागंल म्हणून? त्याबिगर तुम्ही त्या कॉम्प्युटरच्या डब्यापुढून उठतच न्हाईत. त्या दिवशी पेपरासाठी परत आत गेलात. मी लेकराला घेऊन अंगणात हाका मारायले, अन् आतून तुमचा आवाज न्हाई.”

अप्पांनी त्यावर थट्टा केली नाही. बोअर थांबल्यावर आई म्हणाली, “चला आता.”

मेन वर केला. मला भीती होती तसं काही झालं नाही, तपासणी मुकाट्यानं पहिल्यापासून सुरू झाली आणि दुपारी विंडोज उठलं. एक ‘प्रकाश’ धडा सोडला तर सगळे प्रश्न होते. तो धडा अप्पांनी मला आठवून आठवून सांगितला, मी टाइप केला, आणि खोडकर प्रश्न पहिल्याहून जास्त खोडकर झाले. मग त्यांनी स्वतःहून माझा पेन ड्राइव्ह मागितला. पुढच्या सुट्टीत माझं लिनक्सही बसलं.

त्या सुट्टीत मी त्यांना यूपीएस घ्यायला सांगत होते. “मेन बंद झाला तरी कॉम्प्युटर चालूच राहतो अप्पा. तुम्हाला निवांत बसून काम पूर्ण करता येईल.”

अप्पांनी स्वयंपाकघराकडं एकदा बघितलं.

“नको,” ते म्हणाले. “मग मी उठायचो न्हाई.”