छातीइतकं खोल

औरंगाबादच्या कारखान्यांमागं आमची कामगार वस्ती. तिथं वीतभर मुरूम, आणि खाली नुसता काळा पाषाण. अशा जमिनीत कबरी खोदणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे चाचा म्हणायचे. बोलताना ते समोरच्याची उंची बघायचे. वस्तीतला पहिला बी.ए. मी, मला म्हणायचे, "ग्रॅज्युएट, तू लई लांब हायेस. सावकाश मर बाबा, माझी कंबर गेली."

शेजारच्या हमीदची आई वारली, तेव्हा कबर कमरेइतकी झाली आणि पाषाण लागला. बाईची कबर छातीइतकी खोल हवी, आणि माती मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या आत द्यायची होती. हमीदनं रस्त्याच्या कामावरचं खडक फोडायचं मशीन मागून कब्रस्तानात आणलं.

"नको," चाचा म्हणाले. "बाजूला लोकं निजलीत."

"चाचा, उजेड चाललाय!"

"मग पहार धर की."

हमीद उतरला, तो दमला की मी. पहारीखाली ठिणग्या उडत होत्या. खोली पुरी झाली तेव्हा सूर्य टेकला होता. आम्ही वर आलो. चाचा मात्र आतच गुडघ्यावर बसले आणि तळावरून तळहात फिरवत, टोचतील अशा कपच्या वेचून बाहेर टाकत राहिले. उजेड चाललाय म्हणणारा हमीद काठावर बसून त्या कपच्या ओंजळीत घेऊ लागला.